कुंडाचं सुतक

रविवारी सकाळी देवळासमोर एक पांढरी गाडी थांबली. आधी नवरा उतरला, मग पाचवी-सहावीतली मुलगी, आणि शेवटी पाण्यानं टम्म फुगलेली प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांत सांभाळत बाई उतरल्या. पिशवीत सात-आठ शेंदरी मासे होते. मी समोर भावाच्या घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. माझा थोरला भाऊ या देवळाचा पुजारी. त्यानं बाईंना कुंडाच्या पायरीवर बसवलं, हातावर पळीभर पाणी दिलं आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. नवरा मोबाईलवर सगळं टिपत होता.

मी उठून जवळ गेले आणि विचारलं, "घरी काय त्रास देत होते?"

"तसं नाही हो. ह्यांची बदली झाली पुण्याला. एवढा काचेचा टँक कुठं नेणार? म्हटलं, देवाच्या पाण्यात सुखानं राहतील."

देव म्हणजे काय भंगारवाला आहे? तडकलेल्या काचेचे देवांचे फोटो पिंपळाखाली आणून ठेवायचे, घरात नकोसे झालेले मासे कुंडात सोडायचे, आणि वर पुण्य पदरात पाडून गाडीत बसायचं. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. बोलले नाही, कारण मुलीचे डोळे भरले होते आणि भाऊ 'आता गप्प बस' अशा नजरेनं माझ्याकडे बघत होता. पण पिशवीतल्या एका माशाच्या पोटाजवळ लाल चट्टा होता आणि शेपटीच्या मुळाशी कापसासारखं काही चिकटलं होतं, ते मी पाहिलं. तीस वर्षं अकोल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेली बाई मी. पाहिलं, आणि गप्प बसले. भावानं पिशवीवर झेंडूचं फूल ठेवलं, मुलीनं पिशवी उलटी केली, आणि मासे आत गेले. बाकीच्यांवरचा राग नंतर. पहिला राग त्या गप्प बसण्याचा आहे.

आमचं गाव बाळापूरच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत. देऊळ महादेवाचं, आणि देवळापुढे काळ्या दगडात बांधलेलं कुंड. जमिनीखालच्या झऱ्याचं पाणी, मे महिन्यातही हटत नाही. भरून आलेलं पाणी एका दगडी मोरीतून ओढ्यात जातं आणि ओढा पुढे मन नदीला मिळतो. कुंडात मासे पूर्वीपासून आहेत. मळे, खवल्या, आणि मुख्य म्हणजे मरळ. मरळ म्हणजे आपल्याकडचा अस्सल मासा. सापासारखं डोकं, काळपट अंग, पाणी आटलं तर चिखलातही तग धरणारा. बाजारात याला केवढी मागणी, पण कुंडातल्या मरळीला आजवर कोणी गळ लावला नाही. ते देवाचे मासे. एक मोठी मरळ तर भावाच्या हातातून कणकेचा गोळा घ्यायची. तो घरातल्या कोणाशी बोलला नसेल एवढं तिच्याशी बोलायचा.

आमच्या गावात एक चाल आहे, ती दुसरीकडे कुठं मी पाहिली नाही. महाशिवरात्रीला अभिषेक झाला की प्रत्येक शेतवाला कुंडातलं तांब्याभर पाणी घेतो, वर बेलाचं पान ठेवतो, आणि वाटेत कुठंही न टेकवता ते नेऊन आपापल्या विहिरीत ओततो. विहिरीला वर्षाचं तीर्थ द्यायचं. आसपासच्या चार-पाच गावांतूनही माणसं येतात. एका दिवसात एका कुंडाचं पाणी शंभरेक विहिरींत जातं. लहानपणी मला हे फार आवडायचं. सगळ्या शिवारातल्या विहिरी जणू एकाच ताटात जेवायला बसल्या आहेत असं वाटायचं. आता तेच आठवून अंगावर काटा येतो.

देवळापासून दोन शेतं ओलांडली की माझ्या मैत्रिणीचा मळा लागतो. आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर होतो. ती माळ्याची, मी भटाची. तिची आई आम्हाला एका ताटात मुळा-भाकरी द्यायची आणि माझी आई ते कळूनही न कळल्यासारखं करायची. पुढे मी अकोल्याला शिकायला गेले, ती गावातच दिली गेली. आजही मेथी, पालक, कोथिंबीर आणि झेंडू, सगळं एकटीच्या जिवावर करते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मला ती मास्तरीण म्हणते, आणि त्यात कौतुक किती, टोमणा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

तिच्या विहिरीत मरळी आहेत. विहीर खोदली त्या वर्षी तिच्या नवऱ्यानं नदीवरून एक जोडी मडक्यात घालून आणली होती. पाण्यात डास नको म्हणून आणली, पण पुढे ती त्या घरचीच होऊन गेली. आषाढात पिल्लं निघतात, तेव्हा मूठभर कुंकू पाण्यावर टाकल्यासारखा लालभडक पुंजका विहिरीत फिरत असतो आणि खाली नर-मादी राखण करत असतात. त्या दिवसांत पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून मोटारीच्या पाइपाच्या तोंडाला ती जुनं लुगडं गुंडाळते. पाणी मग कमी येतं, वाफा भिजायला दुप्पट वेळ लागतो. एकदा मी म्हटलं, एवढं काय त्यात? तर म्हणाली, "त्याच्या हातचं आता येवढंच हाय न व. मळा तं सासऱ्याचा व्हता."

गाडीवाले येऊन गेले त्याला तीन आठवडे झाले असतील. पौषाची थंडी होती. मी नेहमीप्रमाणे रविवारी अकोल्याहून आले, तर कुंडाच्या कोपऱ्यात एक मरळ तोंड वर करून तरंगत होती. मरळ अशी तरंगत नाही. परडीनं ओढून घेतली. अंगावर लाल ठिपके, आणि पाठीवर रुपयाएवढी जखम, आतलं मांस दिसणारी. माझ्या हातातच तिनं शेवटचा श्वास घेतला.

मला बघून ठेवायची सवय नाही, दाखवायची सवय आहे. तीस वर्षं तेच केलं. काही नवीन दिसलं की ट्रेमध्ये घालायचं आणि चार जणांपुढे न्यायचं. मी भावाची निळी बादली घेतली, कुंडाच्याच पाण्यात ती मरळ ठेवली, आणि तडक मैत्रिणीच्या मळ्यात गेले. तिच्या विहिरीलगत दगडी हौद आहे. त्याच्या काठावर मासा ठेवला, उलटा-सुलटा केला, आणि तिला पूर्ण तास घेतला. आधी हे ठिपके येतात. मग ही जखम. हा पाण्यातल्या बुरशीचा रोग असावा, थंडीत जोर करतो, मरळीला फार लवकर धरतो. तुझ्या विहिरीत असं काही दिसलं तर त्याच मिनिटाला मला फोन कर.

"बापा! कसं खाल्लं व तिले," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

मासा अमरावतीला तपासायला न्यायचा होता, म्हणून तिनं स्टीलचा डबा दिला. बादली मी हौदावर विसळली, हात धुतले, तिनं चहा केला. हौदाची एक कड फुटकी आहे, तिथून पाणी टपटप विहिरीत पडत असतं. ते ऐकत आम्ही चहा प्यायलो. बादली तिथेच राहिली. मी चार वाजताच्या बसनं निघाले.

दुसऱ्या दिवशी डब्यात बर्फ भरून अमरावतीला गेले. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे एका प्रयोगशाळेत आहे. तिनं सूक्ष्मदर्शकाला काच लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा अंदाज बरोबर आहे. उघड्या पाण्यात औषध देऊन फार काही होत नाही. चुना, मीठ, मेलेले काढून पुरायचे. पण खरं काम एकच, तिथलं पाणी दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही. जाळं, परडी, बादली, पाय, काहीही ओलं घेऊन दुसऱ्या पाण्याजवळ जायचं नाही. उन्हात कडकडीत वाळवायचं." मी मान हलवत होते. हे सगळं मला पाठ होतं. मीच तिला शिकवलेलं.

तिथून एका सरकारी कार्यालयात गेले. साहेब जेवायला गेले होते, मग मीटिंगला, मग चहाला. आले तेव्हा डब्यात डोकावून म्हणाले, "मॅडम, उन्हाळा लागला की थांबतं आपोआप. थोडेफार मरतील. एवढं काय मनावर घेता?"

"शिवरात्रीला हे पाणी शंभर विहिरींत जाणार आहे. प्रत्येक विहिरीचं पाणी पाटानं पुढे ओढ्याला लागतं."

"तीर्थ का? ते आमच्याकडे येत नाही. अर्ज ठेवून जा."

अर्ज ठेवला. आजही तिथेच असेल. वाघ शिंकला तरी सेमाडोहच्या जंगलात गाड्यांची रांग लागते. मरळ अंग सोलून मरते तर म्हणे उन्हाळ्यात थांबतं. तिला पट्टे नाहीत, तिचा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही, एवढाच तिचा गुन्हा.

गावात आले आणि कामाला लागले. मातीनं भरलेली पोती टाकून मोरी बंद केली. ओढ्यात जाणारं पाणी थांबलं. मेलेले मासे रोज काढायचे, खड्ड्यात चुना टाकून पुरायचे, हे काम भावानं न सांगता घेतलं. मग मी एक पाटी रंगवून आणली: 'कुंडातील माशांना संसर्गजन्य रोग झाला आहे. पाणी नेऊ नये. मासे सोडू नयेत. पाय धुऊ नयेत.' दोन दिवसांनी बघते तर पाटीला हळदकुंकू लागलेलं आणि खाली नारळ फुटलेला. नारळाचं पाणी पाटीवरून ओघळून 'नये' पुसट झालं होतं. पाणी नेतच होते. मी ओट्यावर बसून असायचे, कोणी वाकलं की ओरडायचे. माणसं माझ्याकडे बघून हसायची आणि मी आत गेले की तांब्या भरायची.

सभामंडपात गाव जमवलं. बुरशी म्हणजे काय, ती पाण्यात कशी पोहते, एका थेंबात किती असते, सगळं सांगितलं. मोबाईलवर जखमांचे फोटो दाखवले. एक जण म्हणाला, "मॅडम, गंगेत येवढी मढी सोडतात, तिथं काई होत नाई. आपल्याच कुंडात कसं होईन?" दुसरा म्हणाला, श्रद्धेचा विषय आहे, जरा जपून. तिसऱ्यानं तर फारच शहाणपणा केला: रोग झाला असेल तर तीर्थानं बरा होईल, म्हणून उलट जास्त न्यायला पाहिजे. लोक हसले. माझ्या हातातला मोबाईल मी कसा फेकला नाही ते मलाच माहीत.

शिवरात्र चार दिवसांवर आली तेव्हा मी भावाला कुंडाच्या पायरीवर गाठलं.

"दादा, इथलं थेंबभरही पाणी बाहेर जाता कामा नये. तू सांग लोकांना. तुझं ऐकतील."

"तीर्थ आहे ते."

"त्या तीर्थात रोग आहे."

त्याचा चेहरा उतरला. "तुले समजते का, काय बोलून राहिलीस? ज्या पायरीवर बाबा बसायचे तिथं उभी राहून बोलून राहिलीस."

"बाबांच्या वेळी कोणी बदली झाली म्हणून कुंडात मासे टाकत नव्हतं. टाकले असते तर बाबांनी काठी काढली असती. तू पळीभर पाणी देऊन संकल्प सांगतोस!"

"मंग काय हाकलून देऊ? देवाच्या दारातून?"

"हो! हाकलून दे! देवाच्या दारातून नाही तर कुठून हाकलणार?"

मी बरंच बोलले. घंटा बडवण्यापलीकडे त्यानं जन्मात काही केलं नाही, इथपर्यंत गेले. ते बोलायला नको होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, मान खाली घालून ऐकत राहिला. मग उठला आणि पायऱ्या उतरून पाण्याकडे गेला. खालच्या पायरीला ती मोठी मरळ लागली होती, कणकेचा गोळा घेणारी. तिच्या अर्ध्या अंगावर कातडीच राहिली नव्हती. भावानं तिला दोन्ही हातांनी उचललं. उपरण्यात गुंडाळली. देवळामागे औदुंबराखाली खड्डा केला, चुना टाकला, ती ठेवली, माती ओढली. मग बाहेरच्या न्हाणीत जाऊन कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं.

ओल्या अंगानंच तो देवळात गेला आणि भोंगा लावला. सकाळी आरतीला लावतो तोच भोंगा. मी ओट्यावरून ऐकलं.

"गावकरी मंडळींनो, कुंडातला देवाचा जीव गेला आहे. कुंडाले सुतक आहे. सुतक फिटेपर्यंत कुंडाले कोणी शिवू नये, पाणी घेऊ नये, काही सोडू नये. शिवरात्रीचा अभिषेक नळाच्या पाण्यानं होईल. विहिरीचं तीर्थ यंदा नाही."

मी धावत आत गेले. "कोणत्या पोथीत आहे रे हे? कुंडाला सुतक?"

"कोणत्याच नाही," भाऊ म्हणाला. "पण तुह्या बुरशीत जे होतं ते कोणाले समजत नव्हतं."

आणि मग काय सांगू! जादू झाली. त्या संध्याकाळपासून कुंडाच्या पायरीवर एक माणूस फिरकला नाही. बाया दुरून नमस्कार करून वळायच्या. ज्यानं गंगेतली मढी काढली होती तो आपल्या पोरांना दटावत होता, तिकडं जाऊ नको, सुतक हाय. शिवरात्रीला चार गावांची माणसं आली, सगळ्यांच्या हातात घासून लख्ख केलेले तांबे, आणि सगळे तांबे रिकामे परत गेले. दुपारी एक मोटारसायकलवाला प्लास्टिकच्या बरणीत कासव घेऊन आला. त्याला कोणीतरी बाहेरच सांगितलं, आणि तो बरणी पोटाशी धरून आल्या पावली वळला. कुणी पुरावा मागितला नाही, कुणी फोटो मागितला नाही.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझं डोकं तडकलं. आमच्या घरात सुतक म्हणजे कायदा होता. मयताला जाऊन आलं की अंघोळ केल्याशिवाय आई उंबरा ओलांडू द्यायची नाही. कोणाच्या घरी जायचं नाही, कोणाच्या पाण्याला हात लावायचा नाही. कॉलेजात गेले आणि मी हे सगळं झुगारलं. वडील गेले तेव्हा चौथ्या दिवशी मी वर्गात उभी होते, आणि मुलांना अभिमानानं सांगितलं होतं की सुतक-बितक मी मानत नाही. तीस वर्षं शिकवलं, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, घसा फोडला. आणि शेवटी माझ्या मरळी वाचवायला काय उपयोगी पडलं? तर ते. माझ्या लोकांना रोग समजत नाही, विटाळ समजतो. त्या दिवशी जेवण गेलं नाही. भावानं पानावर दही जास्त वाढलं.

तरी मनात एक समाधान होतं, खोटं कशाला बोलू. मोरी बंद होती. शिवरात्रीला एकही तांब्या भरून बाहेर गेला नव्हता. माझ्या मैत्रिणीची विहीर वाचली होती. सगळी धडपड मुळात मी कोणासाठी केली ते मला माहीत होतं. शिवरात्रीला तीही आली होती, रिकामा तांब्या घेऊन. "जमलं बाई तुह्यं, मास्तरणी," म्हणाली आणि हसली.

शिवरात्रीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "ये."

विहिरीत दोन मरळी तरंगत होत्या. एक अजून कल्ले हलवत होती. वरूनसुद्धा पाठीवरची जखम दिसत होती. आणखी एक कडेच्या दगडाला अंग घासत होती, खाज सुटल्यासारखं. मैत्रीण काठावर बसून होती. किती वेळ बसली होती कोण जाणे, मेथीच्या वाफ्यावर पाटाचं पाणी नुसतंच वाहत सुटलं होतं.

"मोटार बंद कर आधी," मी म्हणाले, कारण मला दुसरं काही सुचेना. मीच जाऊन बंद केली.

"मी तीर्थ नाई नेलं व," ती म्हणाली. "सासूच्या येळेपासून पयल्यांदा तांब्या रिकामा आणला. कुंडाकडं गेलीच नाई मी. माह्यं कोणी गेलं नाई. तुवा सांगतलं तसं सारं केलं. मंग हे काहून झालं?"

मी तोंड उघडलं आणि बगळा म्हणणार होते. बगळा कुंडावर बसतो, मग विहिरीवर येतो, त्याच्या पायाला लागून येऊ शकतं. हे खरंही आहे, पुस्तकात आहे. ती त्यावर विश्वास ठेवणार होती. मी काहीही सांगितलं असतं तरी ठेवणार होती.

हौदाच्या कडेला खुंटीला निळी बादली उलटी टांगलेली होती. स्वच्छ घासून, माझी म्हणून जपून ठेवलेली. माझी नजर तिच्यावर गेली तशी ती म्हणाली, "तुह्यी बादली हाय, नेजो जाताना. मी वापरली नाई." खाली फुटक्या कडेतून हौदाचं पाणी टपटप विहिरीत पडत होतं.

मी तिच्याशेजारी काठावर बसले. गाडीवाल्या बाईंवर, साहेबांवर, गंगेतली मढी काढणाऱ्यावर, भावावर, दीड महिना सगळ्यांवर मी ओरडत होते. कुंडाच्या पाण्याला कोणी हात लावू नये म्हणून मी पहारा दिला होता. आणि त्या सगळ्याच्या आधी, पहिल्याच दिवशी, कुंडाचं पाणी बादलीत घालून इथं कोणी आणलं? मेलेला मासा या हौदावर ठेवून त्याला उलटा-सुलटा कोणी केला? बादली कोणी विसळली, हात कुठं धुतले? ज्या पोरीला मी शिकवलं तिनं दुसऱ्याच दिवशी मला हेच सांगितलं, बादली, हात, पाय, आणि मी मान हलवत बसले. माझ्याच बादलीची मला आठवण झाली नाही. त्या पुण्याला निघालेल्या बाईंना निदान माहीत नव्हतं.

"मी आणलं," मी म्हणाले.

"काय?"

"तुला दाखवायला मासा आणला होता ना मी. त्या बादलीतून. हौदात धुतली. ते पाणी खाली गेलं. तीर्थ-बिर्थ काही नाही. मी आणलं हे."

तिनं बादलीकडे बघितलं. मग खाली विहिरीत बघितलं. कल्ले हलवणारी मरळ आता थांबली होती. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं, मला ते चांगलं जमतं.

ती उठली. पदर खोचला. परडी घ्यायला वळली, आणि माझ्याकडे न बघता, लहान मुलाला सांगावं तशा आवाजात म्हणाली,

"मंग आंघोळ करून यायचं व्हतं न व, मास्तरणी. मेल्याले हात लावून आली व्हती तू."